एक काना

अक्षर चांगले असले की माणसाच्या मागे साऱ्या गावाची लिखापढी लागते. लग्नपत्रिकांवरची नावे, निवृत्त होणाऱ्या पोस्टमास्तरांचे मानपत्र, सार्वजनिक गणपतीच्या जमाखर्चाचा फलक हे सारे गेली वीस-बावीस वर्षे मी लिहीत आलो आहे. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. दोन-तीन कादंबऱ्याही माझ्या नावावर आहेत. पण आमच्या कृष्णाकाठच्या गावात माझी कीर्ती आहे ती अक्षराबद्दल. मी नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती, तेव्हा शाळेचे कारकून निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर उचलून माझ्या टेबलावर ठेवले ते याच कीर्तीमुळे.

ज्यांनी हे रजिस्टर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड पुठ्ठ्याचे, कापडी पाठीचे, एका हाताने उचलता न येणारे ते बाड असते. शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पोराची त्यात एक ओळ. नाव, बापाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. त्यात खाडाखोड चालत नाही. चूक झालीच तर लाल शाईने एक रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. मूल शाळा सोडून गेले की तेवढीही मुभा उरत नाही. मग वरून आदेश यावा लागतो. माणसे मरतात, घरे पडतात, नदीच्या पुराचे पाणी शाळेच्या पायरीला लागते. रजिस्टर मात्र कपाटाच्या वरच्या खणात कोरडे असते.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मुले पांगली होती आणि मी एकटाच कार्यालयात हजेरीच्या बेरजा करीत बसलो होतो. बाहेर भुरभुर चालली होती. दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला म्हणून वर पाहिले, तर तिशीची एक बाई उभी. अबोली रंगाचा कुडता, पाठीला पिशवी, केस मानेवर बांधलेले.

"आत येऊ, सर?"

कोणा मुलाची आई असेल असे समजून मी खुर्चीकडे बोट केले. ती बसली नाही. म्हणाली, "ओळखलं नाहीत ना?"

मास्तराला हा प्रश्न नेहमीचा, आणि वेळ काढण्याची युक्तीही ठरलेली. मी विचारले, "कितवी बॅच तुझी?"

"2010 ची मॅट्रिक, सर. एलिमेंटरीच्या परीक्षेला तुम्ही माझ्याकडून 'ए' श्रेणीची आशा धरली होतीत, आणि मी 'सी' घेऊन आले."

तसे एकच पोर मला आठवत होते, आणि ते मुलीच्या बाकावर बसणारे नव्हते. मी तिच्या डाव्या भुवईकडे पाहिले. शाळेच्या लोखंडी फाटकावर पडून झालेली खोक तिथे अजून होती. टाके घालायला मीच सायकलवरून दवाखान्यात नेले होते. माझ्या तोंडून "अरे" एवढे निघाले आणि पुढचे शब्द घशात राहिले.

"असू दे, सर," ती म्हणाली. "सगळ्यांच्या तोंडून पहिल्यांदा 'अरे'च निघतं. दुसऱ्यांदा काय निघतं तेवढं मी बघते."

या लेखात मी तिला पहिल्यापासून 'ती'च म्हणणार आहे. पाचवीच्या वर्गातलीसुद्धा 'ती'च. तिचे जुने नाव मी सांगणार नाही आणि नवेही सांगणार नाही. जुने तिला नको आहे, आणि नवे सांगितले तर आमच्या गावाला पत्ता पुरतो.

तिने पिशवीतून कागद काढले. जिल्हाधिकारी कार्यालयातून 2022 साली मिळालेले ओळखीचे प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचे राजपत्र. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्यात अशा प्रमाणपत्राच्या आधारे आपल्या कागदांवरचे नाव बदलून घेण्याचा हक्क दिला होता. तिला जनरल रजिस्टरातले नाव बदलून हवे होते, आणि त्यावरून नवा दाखला. ती पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. पगार माझ्या कितीतरी पट. पण कुठेही गेले तरी शेवटी शाळेचा दाखला मागतात आणि तो पुढे केला की खिडकीमागचा माणूस एकदा कागदाकडे आणि एकदा तोंडाकडे पाहतो.

"अर्ज दे," मी म्हणालो. "वर पाठवावा लागेल. वेळ लागेल." आणि मग माझी मलाच लाज वाटून पुढे म्हणालो, "घरी चल. चहा घेऊ."

घरी पोचेपर्यंत पावसाने जोर धरला होता. स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींनी डोकावून पाहिले आणि त्या कडाडल्या, "अगं, किती भिजलीस! आधी डोकं पूस बघू." तिला ही कोण, कुठली, काही ठाऊक नव्हते. टॉवेल हातात घेऊन पोरगी क्षणभर तशीच उभी राहिली. मला वाटले, तिला थंडी वाजते आहे.

चहा झाला, पोहे झाले. तिची एस. टी. साडेचारची होती. मी चाचरत विचारले, "हे सगळं तुला केव्हा कळलं?"

"कळलं लवकर, सर. सांगता येत नव्हतं. मराठीत 'मी' म्हणून सुटायची सोय नाही ना."

मला उमज पडेना. तेव्हा तिने समजावून सांगितले, आणि मी, व्याकरणाचा नव्हे तर अक्षराचा मास्तर, कान देऊन ऐकत राहिलो. इंग्रजीत 'आय केम' म्हटले की बोलणारा कोण याचा बोध होत नाही. मराठीत 'मी आ' इथपर्यंत येऊन थांबावे लागते. पुढे 'लो' की 'ले' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. दिवसातून शंभर वेळा माणसाने आपण पुरुष की बाई याची ग्वाही द्यायची, आणि तिला ती दर वेळी खोटी द्यावी लागे.

"मग मी एक युक्ती काढली," ती म्हणाली. "सकर्मक क्रियापदं धरली. 'मी आंबा खाल्ला', 'मी पुस्तक वाचलं', 'मी गणित सोडवलं'. यात मी कोण ते दिसत नाही. आंबा पुल्लिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी, एवढंच दिसतं. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तशीच बोलले. पण रडणं, घाबरणं, हसणं, पडणं, हे सगळं अकर्मक निघालं. ते सांगता येईना. म्हणून मी ते सांगितलंच नाही."

मला तिचा प्रगतिपत्रकातला शेरा आठवला. 'हुशार, पण घुमी वृत्ती.' तोही माझ्याच अक्षरातला होता.

मी टेबलावरचा कागद ओढला आणि सवयीने लिहून पाहिले. आलो. आले. 'लो'ला काना आणि मात्रा. 'ले'ला नुसती मात्रा. गेलो, गेले, होतो, होते, करतो, करते. सगळीकडे अंतर एका कान्याचे. वीस वर्षे मी पोरांना शिकवीत आलो आहे की काना सरळ ओढावा, भिंतीसारखा. ती खरोखरीच भिंत असेल, असे मनात आले नव्हते.

"माझी आजी आठवते, सर? कोल्हापूरकडची? तिकडच्या बायका 'मी जेवलो', 'मी येतो गं' असंच म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, आजी 'आलो' म्हणते तरी ती आजीच असते, मग माझंही तसंच असेल. आजीच्या तो काना कधी आड आला नाही. माझ्या आला."

2012 साली ती इंजिनिअरिंगला पुण्यात गेली. वसतिगृहातल्या एका सीनिअरचा जुना लॅपटॉप तिने विकत घेतला, आणि त्या वर्षीच्या एका रात्री आपल्यासारखी माणसे कुठे आहेत का याचा शोध करता करता ती एका मंडळीत जाऊन पोचली. जगभरची, संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारी, आणि जन्माच्या वेळी दायीने जे सांगितले ते ज्यांच्या बाबतीत चुकले होते अशी माणसे. तिथे आत जाताना दोनच गोष्टी सांगायच्या असत: तुला काय म्हणून हाक मारावी, आणि तुझ्याविषयी बोलताना 'तो' म्हणावे, 'ती' म्हणावे की आणखी काही. आडनाव, गाव आणि जात हे जे तीन प्रश्न आपण पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, ते तिथे विचारायची चाल नव्हती.

"तिथं मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं," ती म्हणाली. "पहाटेचे तीन वाजले होते. अमेरिकेत दुपार असेल. कोणीतरी उत्तर लिहिलं, 'ये, बस', आणि पुढं माझं नाव. माझ्या नावानं हाक मारणारं पहिलं माणूस कुठल्या देशातलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही."

त्याच मंडळीत ती धंदा शिकली. कॉलेजात न सुटलेले कोडे तिथे टाकावे आणि सकाळपर्यंत चौघांनी चार रीतींनी सोडवून दाखवावे. तिनेही दुसऱ्यांची कोडी सोडवली. तिथे कोणी तिचा चेहरा पाहिला नव्हता की आवाज ऐकला नव्हता; तिने लिहिलेली ओळ चालते की नाही एवढेच पाहत. आणि तिथेच तिला लिन कॉन्वे या बाईंची हकीकत कळली.

ही हकीकत तिने मला खुर्चीच्या कडेवर येऊन सांगितली. अमेरिकेतली आयबीएम ही मोठी कंपनी. 1964 साली कॉन्वे तिथे रुजू झाल्या. तेव्हा जग त्यांना पुरुष समजत होते. एका अतिवेगवान संगणकाच्या आराखड्यात, यंत्राने एका वेळी अनेक आज्ञा क्रम बदलून कशा पार पाडाव्यात, याची युक्ती त्यांनी शोधून काढली. आपण स्त्री होण्यासाठी उपचार घेत आहोत हे त्यांनी सांगितले, आणि 1968 साली कंपनीने त्यांना काढून टाकले. नव्या नावाने त्यांनी अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. पुढे कार्व्हर मीड यांच्याबरोबर त्यांनी चिप कशी आखावी याचे जे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यावर एक पिढी शिकली. पण आयबीएममधले ते जुने काम आपले आहे, हे त्यांना तीस वर्षे म्हणता आले नाही. म्हणायचे तर जुने नाव सांगावे लागले असते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस संगणकाच्या इतिहासाचा एक अभ्यासक त्या जुन्या प्रकल्पाचा माग काढू लागला, तेव्हा त्यांनी आपण होऊन सारे सांगितले, आणि मग आपली कहाणी इंटरनेटवर सर्वांसाठी मांडून ठेवली. तिची भाषांतरे जगातल्या अनेक भाषांत झाली.

"कंपनीनं माफी मागितली ती 2020 साली," ती म्हणाली. "बावन्न वर्षांनी, सर. पण बाई होत्या ऐकायला. 2024 च्या जूनमध्ये गेल्या."

माझा मोबाइल टेबलावर होता. त्याच्याकडे बोट करून ती म्हणाली, "यातल्या चिपला ज्या आज्ञा कळतात ना, त्यांची मूळ लिपी सोफी विल्सन या बाईंनी बांधली. केंब्रिजमध्ये, 1985 साली पहिली चिप चालली. त्याही आमच्यातल्याच." मी मोबाइल उचलून उगाच उलटा करून पाहिला. गावात कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही, असे मनात आले. आणि मग वाटले, मला तरी कोणी सांगितले होते?

पुढे तिला भारतातली एक मंडळी सापडली, आणि तीत काही मराठी माणसे. सगळे आपसात इंग्रजीतच लिहीत. एके रात्री कोणीतरी म्हटले की आज मराठीत बोलू या, आणि सारे एकदम गप्प झाले. कारण प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात काय ते ठरवायचे होते.

"मी 'मी आले' एवढं लिहिलं," ती म्हणाली. "लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. मग डोळे मिटून पाठवलं. नागपूरच्या एक बाई होत्या, त्यांचं लगेच उत्तर आलं. 'ये गं.' दोन शब्द, सर. मी कॉटवर बसून रडले. आणि मग तेही लिहिलं, की मी रडले."

एवढे ऐकल्यावर मी मास्तरी भाबडेपणाने म्हणालो, "म्हणजे तुला तुझं गाव मिळालं म्हणायचं."

"नाही, सर," ती म्हणाली. "गाव नाही."

मग तिने दुसरी बाजू सांगितली, आणि ती ऐकून मी गप्प झालो. तिथेही भांडणे होती. खरे कोण आणि हौशी कोण, यावर रात्र रात्र वाद चालत. ज्यांचे इंग्रजी फाकडे त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेलेली ही पोर चार-चार वेळा वाक्य तपासून लिही. टोलनाक्यावर टाळी वाजवून पोट भरणाऱ्या जोगत्या-हिजड्यांविषयी काही जण नाक मुरडून बोलत, जणू ती आपली कोणी नव्हेतच. "लॅपटॉप नसताना, भर रस्त्यात, दिवसाउजेडी त्या बाया स्वतःला 'आले' म्हणत होत्या. आम्ही अंधारात टाइप करत होतो," ती म्हणाली. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी त्रिपाठी उभ्या राहिल्या होत्या. त्या त्याच हिजडा परंपरेतल्या. वसतिगृहात त्या निकालाची पाने वाचताना आपल्याला ही गोष्ट पहिल्यांदा नीट कळली, असे तिने सांगितले.

आणि मग त्या मंडळीतल्या एकाची गोष्ट. रोज रात्री अकराला येऊन 'जागे आहात का?' असे विचारणारे एक पोर होते. 2015 च्या पावसाळ्यात ते यायचे थांबले. आठ दिवस गेले, महिना गेला. कोणाला त्याचे खरे नाव माहीत नव्हते. गाव नाही, आडनाव नाही, कॉलेज नाही. विचारायचे तरी कोणाला? कोणी म्हणाले, घरच्यांनी मोबाइल काढून घेतला असेल. कोणी त्याच्या पुढचे बोलले नाही.

"जिथं गाव विचारत नाहीत, तिथं माणूस हरवलं तर शोधायलाही गाव नसतं, सर," ती म्हणाली. "आणि ज्या खोल्यांत आम्ही बसायचो त्या आमच्या नव्हत्या. ऑर्कुट 2014 साली बंद झालं. याहूचे गट 2020 साली बंद झाले. लोकांची वर्षावर्षांची पत्रं तिथं होती, पहिल्यांदा लिहिलेली नावं होती. मालकानं घर पाडलं आणि झालं. म्हणून मला तुमच्या रजिस्टरात नाव पाहिजे. ते रजिस्टर कोणी पाडत नाही."

मी म्हणालो, "मग जुनं नाव खोडून टाकू. दिसणारसुद्धा नाही."

ती हसली. "खोडून टाकायचं नाही. आमच्या धंद्यात ते कळतं." आणि लॅपटॉप उघडून तिने मला एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. प्रोग्रॅम लिहिणारी माणसे आपल्या कामाची एक वही ठेवतात. तिला गिट म्हणतात. 2005 साली ती निघाली. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची त्यात नोंद होते, आणि प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांचा एक शिक्का बसतो. तो शिक्का त्या नोंदीतल्या मजकुरावरून, लिहिणाराच्या नावावरून आणि आधीच्या नोंदीच्या शिक्क्यावरून निघतो. त्यामुळे जुन्या नोंदीतले नाव बदलले की तिचा शिक्का बदलतो, तिच्यावर बांधलेल्या पुढच्या नोंदीचा बदलतो, आणि असे करीत आजपर्यंतची सारी वही बदलते. बरोबरीने काम करणाऱ्यांच्या वह्यांशी ती मग जुळत नाही.

तिच्या कंपनीतल्या वहीत पहिल्या तीन वर्षांच्या नोंदींवर तिचे जुने नाव आहे. एकदा नव्याने लागलेल्या मुलाने तिलाच विचारले, "हे 2017 साली कोणी लिहिलंय? हा माणूस आता कुठं असतो? फार चांगलं लिहिलंय." ती म्हणाली, "तो गेला." मुलगा बिचारा ओशाळून "सॉरी" म्हणाला. ती प्रसाधनगृहात जाऊन हसली, आणि हसता हसता तिला कसेसेच झाले.

यावर त्या लोकांनी एक तोड काढलेली आहे. वहीच्या शेजारी 'मेलमॅप' नावाचे एक चिटोरे ठेवायचे. त्यात एक ओळ लिहायची: हे नवे नाव, ते जुने नाव, माणूस एकच. मग जुन्या नोंदी उघडल्या तरी वाचणाऱ्याला नवे नाव दाखवता येते. मूळ नोंद तशीच राहते. काही मोडत नाही. "यातही जुनं नाव असतंच," ती म्हणाली. "आमच्यातल्या पुष्कळांना तेही सोसत नाही, आणि ते खरं आहे. पण मला चालतं. ती तीन वर्षं काम मीच केलं होतं."

साडेतीन वाजले होते. जाण्यापूर्वी तिने पिशवीतून एक पुस्तक काढले. माझी दुसरी कादंबरी, 2013 सालची. माझ्या पोटात गोळा आला.

त्या कादंबरीत शाळेच्या वर्गाचा एक प्रसंग आहे. व्याकरणाचे मास्तर विचारतात, "नपुंसकलिंगाचे उदाहरण सांगा," आणि सारा वर्ग एका मुलाकडे बोट दाखवतो. तो प्रसंग मी रचलेला नव्हता. आमच्याच शाळेत तो घडला होता. शिक्षकांच्या खोलीत तो सांगितला गेला, आणि आम्ही सारे हसलो होतो. मी सर्वांत मोठ्याने हसलो असेन, कारण मला त्यातली कथा दिसली होती. पुढे वाचकांची पत्रे आली ती त्याच प्रसंगाबद्दल. हसून हसून पुरेवाट झाली, असे एका गृहस्थांनी लिहिले होते. ते पत्र मी पुष्कळ दिवस जपून ठेवले होते.

"तो मुलगा मीच ना, सर?"

"हो," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"मी अकरा वेळा वाचलं ते पान. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक फेकून दिलं. पण मराठीत दुसरं कुठलंच पुस्तक नव्हतं हो माझ्याजवळ, ज्यात मी होते. म्हणून परत उचललं."

मी कादंबरीकार आहे. माणसांची मने ओळखतो, असे माझ्याविषयी एका परीक्षणात छापून आले आहे. त्या पोराच्या भुवईवरची खोक मी बारकाईने लिहिली होती, त्याची चाल लिहिली होती, बोलणे तुटक आहे हेही लिहिले होते. ते तुटक का आहे, हे विचारायचे मात्र राहून गेले होते.

मी म्हणालो, "पुढची आवृत्ती निघाली तर ते पान काढतो."

"काढू नका," ती म्हणाली. "पान काढलं तर मी तिथं नव्हतेच असं होईल. त्या मुलाचं पुढं काय झालं, ते कुठंतरी लिहा. शेजारी."

तिचा अर्ज मी माझ्या अक्षरात लिहिला आणि वर पाठवला. तो एकदा परत आला, कारण एका रकान्यात 'सदर विद्यार्थी' असे होते आणि दुसऱ्यात 'सदर विद्यार्थिनी'. दुसऱ्यांदा परत आला, कारण त्या टेबलावरच्या साहेबांना असा अर्ज पूर्वी आल्याचे स्मरत नव्हते. मी तिसऱ्यांदा स्वतः घेऊन गेलो आणि दिवसभर बाकावर बसून राहिलो. तेथल्या शिपायाला दया आली असावी. फाल्गुनात आदेश आला.

तिला फोन केला, तर ती पहिल्याच गाडीने आली. या वेळी बरोबर तिची आई होती. वडील अजून बोलत नाहीत. आईने मात्र आपली एक वाट काढली आहे. ती लेकीला 'बाळ' म्हणते, "बाळ जेवलं का? बाळ दमलं का?" शाळेत ज्या लिंगावरून पोरे हसली, त्याच लिंगात त्या माउलीने आपली माया ठेवून दिली आहे. हळूहळू तिच्याही तोंडून मधूनच 'जेवलीस' निघते आणि ती इकडेतिकडे पाहते.

मी वरच्या खणातून 2004 सालचे रजिस्टर काढले. ओळ सापडली. निळ्या शाईतले माझेच अक्षर. तेव्हा ते आजच्यापेक्षा गोलसर होते. लाल शाईच्या लेखणीने मी जुन्या नावावर एक रेघ ओढली. बारीक, खालचे वाचता येईल अशी. तिने तसेच सांगितले होते. वर नवे नाव लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख घातली. मुख्याध्यापकांनी सही केली आणि चष्मा पुसला.

मग दाखला लिहिला. तिने तो हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. 'वर्तणूक' या रकान्याशी आली आणि मोठ्याने वाचून दाखवले, "चांगली." आणि आईकडे पाहून हसली.

मी म्हणालो, "अगं, एस. टी. चुकेल तुमची. निघा आता."

ती दारापर्यंत गेली, वळली, आणि म्हणाली, "दुसऱ्यांदा काय निघतं ते बघते म्हटलं होतं ना, सर. बघितलं."

दोघी गेल्या. रजिस्टरातली शाई वाळेपर्यंत ते मिटता येत नव्हते, म्हणून मी तसाच बसून राहिलो. मग एक कोरा कागद घेतला आणि त्या मुलाचे पुढे काय झाले ते लिहायला सुरुवात केली. पहिले वाक्य लिहिले, 'सर, मी आले.' काना द्यायचा नव्हता, म्हणून ते लवकर लिहून झाले.